नदीचा जमाखर्च : पर्वताच्या पायथ्याशी



भूगोलाच्या पुस्तकात नदी निळ्या रेषेने दाखविलेली असते. उगमापाशी ती बारीक असते, मुखाकडे जाड होत जाते. उगम, उपनद्या आणि काठची शहरे लिहिली की परीक्षेत गुण मिळतात. परंतु त्या निळ्या रेषेत नदीचे निम्मेच रूप उतरते. नदी पाणी वाहून नेते, त्याचबरोबर ती डोंगरही वाहून नेते. धोंडे, गोटे, खडी, वाळू आणि पोयटा या रूपांनी पर्वताचा कण न् कण ती सखल प्रदेशाकडे आणीत असते. पाण्याचा हिशेब माणसाने पुष्कळ मांडला, मोजला, नोंदवला. या दुसऱ्या ओझ्याचा हिशेब मात्र वारंवार विसरला गेला. हे ओझे नदी कोठे उतरवते, कोठे पुन्हा उचलते आणि त्याची नोंद कोणी ठेवली नाही तर काय घडते, हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे. तो समजून घेण्यासाठी पर्वताच्या पायथ्याइतकी योग्य जागा दुसरी नाही.

ओझे वाहायला बळ लागते. नदीला हे बळ दोन गोष्टींतून मिळते. एक पाण्याची राशी आणि दुसरा पात्राचा उतार. अमेरिकन भूशास्त्रज्ञ ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट यांनी १८७७ साली हेन्री पर्वतावरील आपल्या अहवालात नदीचे बळ आणि तिचे ओझे यांचा संबंध स्पष्टपणे मांडला. पुढे १९५५ मध्ये एमोरी लेन या अभियंत्याने तो संबंध तराजूच्या रूपात मांडला. तराजूच्या एका बाजूला गाळाचे प्रमाण आणि त्याच्या कणांचा आकार. दुसऱ्या बाजूला पाणी आणि उतार. गाळाची बाजू जड झाली की नदीला ओझे पेलत नाही, ती ते पात्रातच टाकते आणि तिचा तळ उंचावत जातो. पाण्याची व उताराची बाजू जड झाली की शिल्लक राहिलेले बळ तळ खरवडण्यात खर्ची पडते आणि पात्र खोल जाते. पहिल्या क्रियेला संचयन म्हणतात, दुसरीला खनन.

या तराजूत एक विलक्षण गुण आहे. तो स्वतःला सावरतो. नदीने वरच्या बाजूस गाळ टाकला की तेथून खाली येणारा उतार वाढतो. उतार वाढला की बळ वाढते आणि टाकलेले ओझे पुढे नेण्याची ताकद नदीला पुन्हा येते. तळ कापला की उतार घटतो आणि कापण्याचा जोर ओसरतो. म्हणजे रचणे आणि कापणे ही दोन्ही कामे नदी समतोल शोधण्यासाठीच करीत असते. तो समतोल तिला फार काळ टिकवता येत नाही, कारण पाऊस, दरडी आणि भूकंप तिच्या पारड्यांत सतत काहीतरी टाकीत किंवा काढीत असतात.

पर्वताच्या पायथ्याशी हा तराजू एकाएकी झुकतो. डोंगरातील निदरीत नदी दोन्ही बाजूंच्या कड्यांनी आवळलेली असते. पाणी खोल, वेगवान आणि एकवटलेले असते. निदरी संपते तेथे कडे संपतात आणि उतारही मंदावतो. पाणी पसरते, उथळ होते, त्याचा वेग घटतो. ओझे तेवढेच राहते, बळ मात्र कमी झालेले असते. सर्वांत आधी मोठे धोंडे खाली बसतात, त्यांच्यापुढे गोटे, मग खडी, मग वाळू आणि अगदी दूरवर पोयटा. टाकलेल्या गाळाने पात्र भरते, आजूबाजूच्या जमिनीपेक्षा उंच होते. मग एखाद्या पुरात नदी ते उंच पात्र सोडून शेजारच्या सखल बाजूस वळते. तेथेही गाळ साचतो, तीही बाजू उंचावते आणि नदी पुन्हा वळते. अंगणात सडा घालणारी बाई एका जागी उभी राहून हात डावीउजवीकडे फिरवते, तसे हे असते. निदरीचे तोंड जागचे हलत नाही. प्रवाह मात्र हजारो वर्षे इकडून तिकडे फिरत राहतो. त्यातून अर्धवट उघडलेल्या पंख्याच्या आकाराचे मैदान तयार होते. त्याला पंखाकृती मैदान हे नाव त्यावरूनच मिळाले.

हिमालयाच्या पायथ्याशी असे शेकडो पंखे एकमेकांना चिकटून बसले आहेत. त्यांच्या वरच्या, गोट्यांनी भरलेल्या पट्ट्याला भाबर म्हणतात. साधारण ८ ते १६ किलोमीटर रुंदीच्या या पट्ट्यात हल्द्वानी, रामनगर, कोटद्वार ही गावे येतात. भाबरात अनेक लहान नद्या उन्हाळ्यात दिसेनाशा होतात. त्या आटलेल्या नसतात. गोट्यांच्या फटींतून खाली उतरून भूमिगत झालेल्या असतात. भाबर संपतो आणि बारीक गाळाचा थर सुरू होतो, तेथे हेच पाणी झऱ्यांच्या व दलदलीच्या रूपाने पुन्हा वर येते. तो पट्टा म्हणजे तराई. वर कोरडे जंगल आणि खाली ओलसर गवताळ प्रदेश, हा फरक नदीने धोंडे व पोयटा वेगवेगळ्या जागी टाकल्यामुळे पडला आहे.

महाराष्ट्राशी ज्यांचे नाते आहे त्यांना याचे लहान रूप जळगाव जिल्ह्यात सापडेल. सह्याद्रीच्या पूर्वेस गोदावरी आणि कृष्णा यांचे पात्र पुष्कळ ठिकाणी काळ्या बेसॉल्टवरून जाते; तेथे अशा पंख्यांना वाव मिळत नाही. परंतु सातपुड्याच्या दक्षिण पायथ्याशी, चोपडा, यावल आणि रावेर या तालुक्यांत, डोंगरातून उतरणाऱ्या नाल्यांनी गोटे आणि खडी पसरून एक सलग पट्टा रचला आहे. त्याला बझाडा म्हणतात. पावसाचे पाणी या पट्ट्यात मुरते आणि खालच्या गाळाच्या थरांत साठते. खानदेशातील केळीच्या बागा या पाण्यावर पोसल्या गेल्या. आता विहिरी आणि कूपनलिका खोल खोल चालल्या आहेत, तेव्हा पाणी मुरवण्यासाठी नजर वळते ती पुन्हा सातपुड्याच्या पायथ्याच्या या गोट्यांच्या पट्ट्याकडेच. शेतकऱ्याला नांगराच्या फाळाशी अडथळा वाटणारा गोटा हाच त्याच्या विहिरीचा दाता आहे.

आता सर्वांत मोठ्या उदाहरणाकडे वळू. नेपाळात सून कोसी, अरुण, तमोर यांसह सात नद्या मिळून सप्तकोसी होते. अरुण तिबेटातून येते. दूध कोसी सगरमाथ्याच्या उतारावरचे बर्फ आणि दगड घेऊन येते. तमोर कांचनजंगेच्या बाजूने येते. जगातील सर्वोच्च शिखरांपैकी कित्येकांची झीज या एका नदीच्या खात्यात जमा होते. बराहक्षेत्राजवळची निदरी ओलांडून चतरा येथे कोसी मैदानात उतरते आणि बिहारमधून वाहत कुर्सेलाजवळ गंगेला मिळते. दर वर्षी ती सुमारे दहा कोटी टन गाळ आणते. या गाळाने तिने जो पंखा रचला, त्याची लांबी सुमारे १८० किलोमीटर आणि रुंदी सुमारे १५० किलोमीटर आहे. जगातील अतिविशाल नदीपंख्यांत त्याची गणना होते. सुपौल, सहरसा, मधेपुरा, पूर्णिया हे जिल्हे या पंख्यावर वसले आहेत. तेथील शेतकऱ्याची जमीन ही अक्षरशः हिमालयाची माती आहे.

अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात कोसीचा मुख्य प्रवाह पूर्णियाच्या बाजूने वाहत होता. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तो शंभराहून अधिक किलोमीटर पश्चिमेकडे गेला. ही वाटचाल एकाच दिशेने झाली नाही, मधूनमधून प्रवाह मागेही फिरला, असे जुने नकाशे तपासणाऱ्या काही अभ्यासकांचे मत आहे. काहीही असले तरी तिने सोडलेल्या धारा आजही त्या भागात जागोजागी दिसतात आणि पावसाळ्यात त्यांत पाणी खेळते. नदीने वाळू टाकून नापीक केलेल्या अशा पडीक जमिनीवर फणीश्वरनाथ रेणू यांनी १९५७ साली ‘परती परिकथा’ ही कादंबरी लिहिली. ज्या नदीला लोक ‘कोसी मैया’ म्हणून ओवाळतात, तिलाच ‘बिहारचा शोक’ म्हणण्याची वेळ त्यांच्यावर आली.

स्वतंत्र भारताने या शोकावर उपाय करण्याचे ठरविले. एप्रिल १९५४ मध्ये भारत आणि नेपाळ यांच्यात करार झाला आणि जानेवारी १९५५ मध्ये तटबंधांच्या कामास आरंभ झाला. हजारो लोकांनी श्रमदान केले. पुढे सीमेवर भीमनगरजवळ ५६ दरवाजांचा बंधारा उभा राहिला. हेतू निर्मळ होता आणि तटबंधांबाहेरच्या लाखो कुटुंबांना त्यामुळे काही काळ स्थैर्यही मिळाले, हे मान्य केले पाहिजे. परंतु भिंती घातल्या गेल्या त्या पाण्यासाठी. गाळ येतच राहिला. पूर्वी तो पंख्याच्या विस्तीर्ण अंगावर पसरत असे. आता तो दोन तटबंधांमधील काही किलोमीटर रुंदीच्या पट्ट्यात साचू लागला. नदीला वळण्याची वाट बंद झाली, तेव्हा ती आहे त्या जागी वर चढू लागली. काही दशकांत पात्राचा तळ कित्येक ठिकाणी बाहेरच्या शेतांपेक्षा उंच झाला. दोन तटबंधांच्या मध्ये अडकलेल्या तीनशेहून अधिक गावांना तर दर वर्षी पूर आणि वाळू यांच्याशी गाठ पडू लागली. बाहेरच्यांचे रक्षण करणाऱ्या भिंतीने या गावांना आतच ठेवले होते.

१८ ऑगस्ट २००८ रोजी नेपाळातील कुसहा येथे, बंधाऱ्याच्या वरच्या बाजूस, पूर्वेचा तटबंध फुटला. त्या दिवशी नदीत मोठा पूर होता अशी समजूत होणे साहजिक आहे. वास्तविक प्रवाह होता सुमारे १ लाख ४४ हजार क्युसेक. तटबंध ज्या प्रवाहासाठी बांधले होते तो होता सुमारे साडेनऊ लाख क्युसेक. म्हणजे सहाव्या हिश्शाहून कमी पाण्यात बांध कोसळला. देखभालीतील उणिवांवर पुढे पुष्कळ चर्चा झाली आणि ती व्हायलाच हवी होती. परंतु मूळ कारण तराजूच्या दुसऱ्या पारड्यात होते. नदी उंचावर चढलेली होती आणि पूर्वेकडची सखल जमीन तिला खाली बोलावीत होती. बहुतांश पाणी नव्या वाटेने निघाले आणि नदीने पूर्वी सोडून दिलेल्या धारांमधून वाहू लागले. नवी वाट काही ठिकाणी जुन्या पात्रापासून शंभर किलोमीटरहून अधिक पूर्वेस होती. पिढ्यान्पिढ्या पुराची सवय मोडलेल्या गावांत पाणी शिरले. बिहारमधील तीस लाखांहून अधिक लोकांना याची झळ पोहोचली. पुढील हिवाळ्यात भगदाड बुजवून नदीला परत तटबंधांत आणले गेले. तिचे गाळाचे ओझे मात्र तेवढेच राहिले.

ही जमेची बाजू झाली. आता खर्चाची बाजू, म्हणजे नदीचे कापणे, पाहिले पाहिजे. कारण पायथ्याशी नदी नेहमी रचतेच असे नाही.

मसुरीची रांग आणि शिवालिकच्या टेकड्या यांच्यामध्ये देहरादूनचे खोरे आहे. तेथेही डोंगरातून येणाऱ्या प्रवाहांनी हजारो वर्षे गोटे आणि खडी टाकून मोठे पंखे रचले. देहरादून शहर अशाच एका पंख्यावर उभे आहे. जुन्या घरांच्या पायात आणि कुंपणांच्या भिंतीत दिसणारे गुळगुळीत गोटे त्याची साक्ष देतात. परंतु रिस्पना आणि बिंदाल हे आजचे प्रवाह त्या पंख्याच्या माथ्यावरून वाहत नाहीत. ते त्याच्यात खोल खाच पाडून वाहतात. ज्या गोट्यांचा तट त्यांच्या दोन्ही बाजूंस उभा दिसतो, तो त्यांच्याच पूर्वजांनी रचलेला आहे. एके काळी गाळाचे पारडे जड होते, पुढे पाण्याचे व उताराचे जड झाले.

अलकनंदेच्या काठी गढवालचे श्रीनगर आहे. तेथे नदीच्या दोन्ही बाजूंस सपाट जमिनींच्या पायऱ्या एकावर एक चढत गेलेल्या दिसतात. पलीकडच्या काठावरील चौरासचे पठार त्यांपैकीच एक आहे. डोंगराळ मुलखात शेती, गाव आणि शाळा यांना बसण्याजोगी सपाट जागा मिळते ती बहुधा अशा पायऱ्यांवरच. प्रत्येक पायरी म्हणजे नदीचा एके काळचा तळ. नदी खाली कापीत गेली आणि जुना तळ उंचावर राहून गेला. सर्वांत वरची पायरी सर्वांत जुनी, हा साधारण नियम. मात्र सर्वांत खालच्या पायरीवरचा हक्क नदी सोडीत नाही. जून २०१३ च्या महापुरात श्रीनगरच्या सखल वस्तीतील घरांच्या तळमजल्यांत वाळू आणि चिखल भरला. कापणारी नदी एका रात्रीत पुन्हा रचणारी झाली होती.

नदीला कापण्याचे बळ देणारे आणखी एक कारण खोल भूगर्भात आहे. भारतीय भूपट्ट उत्तरेकडे रेटत असल्यामुळे हिमालयाची दक्षिण कड अजून उचलली जात आहे. नेपाळात बागमती नदी शिवालिकची रांग ओलांडते. तेथील उचलल्या गेलेल्या पायऱ्या मोजून जेरोम लावे आणि ज्याँ-फिलिप अव्वाक या फ्रेंच संशोधकांनी २००० साली दाखविले, की या कडेशी भूकवच वर्षाला सुमारे २ सेंटिमीटर या वेगाने आकसते. बोटाच्या नखाची वाढ वर्षाला याच्या जवळपास दुप्पट असते. जमीन वर येते आणि नदी तेवढेच खाली कापते. म्हणूनच डोंगर उभा राहूनही नदीची वाट बंद होत नाही.

शिवालिकच्या टेकड्या तर या साऱ्या व्यवहाराची जुनी खतावणीच आहेत. त्या नदीनेच आणलेल्या वाळूच्या, चिखलाच्या आणि गोट्यांच्या थरांनी बनलेल्या आहेत. लक्षावधी वर्षांपूर्वी ते पायथ्याचे मैदान होते. त्यावर हत्तींचे पूर्वज, पाणघोडे आणि प्रचंड कासवे वावरत होती. १८३० च्या दशकात ह्यू फॉल्कनर आणि प्रोबी कॉटले यांनी त्यांचे जीवाश्म गोळा केले. कालचे मैदान आज डोंगर झाले आहे आणि आजचे ओढे तो डोंगर कापून नवे मैदान रचीत आहेत.

याच कॉटले यांची दुसरी ओळख अधिक मोठी आहे. हरिद्वारहून निघणारा आणि १८५४ साली सुरू झालेला गंगा कालवा त्यांनी बांधला. त्यापुढची अडचण पाण्याची नव्हती, ओढ्यांची होती. हरिद्वार ते रुडकी या पट्ट्यात शिवालिकमधून उतरणारे ओढे एरवी कोरडे असतात आणि पावसात गोटे व वाळू घेऊन कोसळतात. कॉटले यांनी त्यांना अडविले नाही. राणीपूर आणि पथरी येथे ओढा कालव्याच्या डोक्यावरून पुलासारख्या बांधकामाने पार नेला. धनौरी येथे रतमऊ ओढ्याला कालव्याच्या पातळीवरच दारे ठेवून वाट दिली. रुडकीला सोलानी नदीच्या खोऱ्यावरून कालवाच जलसेतूने नेला. प्रत्येक ओढ्याला त्याच्या गाळासह पलीकडे जाण्याची मुभा ठेवली. कालवा आजही वाहतो आहे, याचे एक कारण या शहाणपणात आहे.

उलट दिशेची चूकही पायथ्याशी घडते. बांधकामासाठी पात्रातील गोटे, खडी आणि वाळू बेसुमार उपसली की गाळाचे पारडे हलके होते. नदी मग आपली उणीव तळातून भरून काढते. उपशाच्या खड्ड्यापासून खनन प्रवाहाच्या उलट दिशेने वर सरकत जाते आणि पुलांच्या पायांखालची जमीन निसटू लागते. धौलाधारच्या पायथ्याशी पठाणकोटजवळ चक्की नदीचे पात्र अशा उपशामुळे खोल गेले. २० ऑगस्ट २०२२ रोजी तेथील कांगडा खोऱ्याच्या छोट्या रेल्वेचा, ब्रिटिश काळात बांधलेला पूल पुरात कोसळला. कोसीच्या काठी साचलेला गाळ घात करतो, चक्कीच्या काठी काढून नेलेला गाळ घात करतो. दोन्हीकडे चुकते ते एकच : हिशेबाच्या वहीत पाणी लिहिले जाते आणि गाळाचा रकाना कोरा राहतो.

विद्यार्थी मित्रहो, तुमच्यापैकी कोणी अभियंता होईल, कोणी प्रशासनात जाईल, कोणी घर बांधील, तर कोणी मतदार म्हणून एखाद्या योजनेला कौल देईल. नदीविषयीची कोणतीही योजना समोर आली की चार प्रश्न अवश्य विचारा. या नदीत गाळ किती येतो? तो आजवर कोठे पसरत होता? उद्या तो कोठे जाणार? आणि जेथे तो साचेल तेथे कोण राहते? पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरे विज्ञान देईल. चौथ्याचे उत्तर देण्यासाठी विज्ञानाबरोबर अंतःकरणही लागते. तटबंधांच्या आत राहिलेल्या गावांची आठवण त्या वेळी ठेवा.

शाळेचा हीरक महोत्सव म्हणजे साठ वर्षांचा काळ. पर्वताच्या आयुष्यात साठ वर्षे म्हणजे क्षणही नव्हे. परंतु कोसीच्या तटबंधांचे वय याहून फारसे अधिक नाही आणि तेवढ्या अवधीत नदीने आपला तळ शेतांच्या वर नेऊन ठेवला. एका शाळेच्या तीन पिढ्यांच्या डोळ्यांदेखत घडू शकेल असा हा बदल आहे. म्हणून तो पाहण्याची, मोजण्याची आणि पुढच्या पिढीसाठी लिहून ठेवण्याची सवय शाळेनेच लावली पाहिजे. गावाच्या नदीवरील पुलाच्या खांबावर एक खूण करावी आणि दर वर्षी पावसाळ्यानंतर पात्राचा तळ त्या खुणेपासून किती खाली आहे, हे मोजून वहीत नोंदवावे. या कामाला दोरी, वजन आणि वडीलधाऱ्यांची सोबत एवढेच साहित्य पुरते. शतक महोत्सवाच्या वेळी जे विद्यार्थी ती वही उघडतील, त्यांना आपली नदी रचते आहे की कापते आहे, हे कोणाला विचारावे लागणार नाही.